चिनहटची रिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून घरातलं काही लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय खरा.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी रेल्वेत इंजिनीअर, आणि काम काय, तर पुरवठादारांचा माल तपासून नाकारणं. पंचवीस वर्षं तेच. लखनऊला बदली झाल्यावर इंदिरा नगरच्या भाजीवाल्याकडची सब्जीसुद्धा मी घरी आणून पुन्हा तोलायचो. बायको हसायची. मुलीला, सईला, लाज वाटायची.

सई तेव्हा बारावीत होती, एअर रायफल नेमबाजी करायची. रायफल जुनी, दुसऱ्या एका मुलीकडून घेतलेली. तिची नळी बुडाशी हलायला लागली. तिथली बारीक रिंग झिजली होती. कंपनीकडून नवी यायला तीन महिने, आणि राज्याच्या संघाची निवड तर तोंडावर आलेली. कोचनी लखनऊच्या टोकाला असलेल्या चिनहटच्या मौर्याजींचं नाव सुचवलं. साठीचा माणूस, लेथवर काम करणारा. त्यांनी मापाने नवी रिंग घडवली, स्वतः बसवून दिली, आणि सईचे छर्रे पुन्हा एकाच भोकातून जायला लागले.

आम्ही निघताना ते म्हणाले, "साहब, बस इसे खोलिएगा मत."

का बरं? उघडू नका असं कोण म्हणतं? ज्याला काही लपवायचंय तो — नोकरीने मला एवढंच शिकवलं होतं. पोलादाच्या जागी भलतंच काही घातलं असेल का? कोच आणि हा, दोघं मिळालेले तर नसतील? सई सरावाला उभी राहायची आणि मी मागे बसून त्या नळीच्या बुडाकडे बघत राहायचो.

निवडीच्या आदल्या दुपारी सई शिकवणीला गेली — आणि मी रायफल उघडली.

रिंग अचूक होती. व्हर्नियर लावून तीनदा मोजली. नाकारण्यासारखं काहीही नव्हतं. फक्त काढताना मी ती पकडीने ओढली होती, तिची कड मुडपली होती, आणि आता ती परत बसेना. चिनहट काय लांब होतं? अर्ध्या तासाचा रस्ता. पण मग सांगावं लागलं असतं ना — मी उघडली म्हणून! मी सरबताचा एक रिकामा डबा कापला, पत्र्याची पट्टी गुंडाळली आणि नळी दाबून बसवली. हाताला घट्ट लागली. मुडपलेली रिंग खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी पहिले काही छर्रे बरे गेले. मग एकेक करत कागदभर पसरले. सई संघात आली नाही.

चार दिवसांनी मौर्याजी आपणहून घरी आले. कोचकडून त्यांना कळलं होतं. रुमालात नवी रिंग बांधून आणलेली. "हमसे ही कुछ रह गया होगा, बिटिया." सई म्हणाली, "नहीं अंकल, मेरा ही हाथ हिल रहा था." ते म्हणत चूक माझी, ती म्हणे माझी. त्यांनी रायफल बघायला मागितली. मी म्हटलं, "रहने दीजिए, अब क्या देखना." आणि आत जाऊन चहा टाकला. साखर किती, तेही विचारलं.

सईने पुन्हा रायफल हातात घेतली नाही. आता ती नोकरी करते. गेल्या दिवाळीत घरी आली होती. आईने रांगोळी काढायला सांगितली, तर सहज म्हणाली, "मुझसे नहीं होगा आई, मेरा हाथ हिलता है."

तिचा हात कधीच हलत नव्हता. हे फक्त मला माहीत आहे. मी तिथेच बसलो होतो, आणि तेव्हाही गप्प राहिलो.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मौर्याजी जिना उतरून गेले, तसा मी रुमालातली ती नवी रिंग घेऊन टेबलाशी बसलो — आणि मोजली.