टर्बोवाली जीप आणि माझा होकार

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू माझ्या होकाराशिवाय आलेली नाही, असं आमचे हे चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगतात. खरी गोष्ट अशी की माझा होकार मागायला येईपर्यंत ह्यांचं सगळं ठरलेलं असतं. टीव्हीचं तसंच, शिलाई मशीनचंही तसंच. जीपच्या वेळी मात्र मी कंबर कसून तयार होते. या खेपेला नाहीच म्हणायचं, असं मी जीप बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. आम्ही वाशीला दोन खोल्यांत राहत होतो. हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि मी कामोठ्याच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवायचे. तेव्हा तिकडे भाताची खाचरं होती आणि शाळेपर्यंत धड रस्ता नव्हता. दोन बस बदलायच्या, मग बांधावरून चालायचं. पावसाळ्यात वर्गात शिरायच्या आधी मी हापशावर पाय धुवायचे आणि पोरं रांगेत उभी राहून ते बघायची. घरात स्कूटर होती, पण ती ह्यांची. तेव्हा गाडी हवी होती हे खरं. पण गाडी म्हणजे गाडी, ह्यांनी शोधून काढला तसला अवतार नव्हे.

ती मूळची लष्कराच्या लिलावातली पेट्रोलची जीप. मालक मोरा बंदराच्या अलीकडच्या गावातला आगरी गृहस्थ. जमीन संपादनात गेली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्याने ती घेतली आणि बंदरावरून मासळीच्या पाट्या पनवेलच्या बाजारात न्यायला सुरुवात केली. पाट्या भरल्या की चढणीवर जीपला दम लागायचा. म्हणून तुर्भ्याच्या एका ट्रक मिस्त्रीकडून त्याने तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं, स्प्रिंगा जाड केल्या, मागची बाजू हातभर वाढवली. एवढ्यानेही समाधान झालं नाही तेव्हा मोडीत निघालेल्या बोटीतला टर्बो आणून इंजिनाला जोडला. गोगलगाईच्या शंखासारखी ती लोखंडी वस्तू ह्यांनी मला बॉनेट उघडून इतक्या प्रेमाने दाखवली की मला माझ्या लग्नाच्या बोलण्यांची बैठक आठवली. तेव्हाही हे इतके हरखलेले नव्हते.

"इंजिनाच्या धुरावर फिरतो हा," हे म्हणाले. "जास्तीची हवा आत ढकलतो. मग गाडी अशी उचलते की बस्स!"

"आणि मासळीचा वास कोण उचलतो?" मी विचारलं.

पहिल्या रविवारी आम्ही स्कूटर मालकाच्या अंगणात तारण ठेवल्यासारखी उभी केली आणि जीप घेऊन चिरनेरकडच्या चढणीपर्यंत जाऊन आलो. हेच चालवत होते. टर्बो जोर धरू लागला की बारीक शिट्टी वाजायची आणि ह्यांच्या चेहऱ्यावर दहावीला पहिला नंबर आल्याचे भाव. परत अंगणात आलो, ह्यांनी लगेच किल्ली फिरवली, इंजिन गप्प. ही ह्यांची जुनी सवय. हे उतारावर स्कूटर बंद करून सोडतात. फाटकाशी थांबले तरी आधी किल्ली, मग पाय जमिनीवर. कारखान्यातले सगळेच तसे. इंधन फुकट जाळणं हे त्यांच्या लेखी ताटात अन्न टाकण्यासारखं पाप.

मालक ओट्यावर बसला होता. साठीचा असेल. दोन्ही डोळ्यांत सारा पडला होता, समोर माणूस आहे एवढंच कळायचं, म्हणून तर जीप विकायची. घरात दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. तो जीपच्या दिशेने कान वळवून म्हणाला, "आज नको. फुडच्या आयतवारी या."

पुढच्या रविवारी हे तुर्भ्याच्या त्याच मिस्त्रीला घेऊन गेले, मीही होते. मिस्त्रीने खाली शिरून तेल बघितलं, नळ्या बघितल्या, आर.सी. बुकात इंजिनाचा बदल रीतसर चढवलेला आहे हेही दाखवलं. पुन्हा फेरी झाली, पुन्हा अंगणात येताच किल्ली फिरली. मालक पुन्हा म्हणाला, "बघू. मना इचार करू द्या."

घरी येताना ह्यांचं डोकं तापलं होतं. "भाव वाढवायचाय त्याला, दुसरं काय! तुर्भ्याचे भंगारवाले मागे लागलेत. सुटे भाग विकले तर जास्त मिळतात."

मला तसं वाटलं नव्हतं. त्या माणसाने पैशाचा शब्द काढला नव्हता, आणि त्याच्या बायकोने तर दोन्ही वेळा चहाबरोबर तांदळाच्या तळलेल्या बोरांची ताटली आणून ठेवली होती. पण मी बोलले नाही. बोलले असते तर मी जीपच्या बाजूने झाले असं ह्यांनी धरलं असतं.

तिसऱ्या रविवारी मात्र माझा संयम सुटला. तीन आठवडे धुणं साठलेलं, पोरं शेजारी ठेवलेली, आणि आम्ही आपले एका शिट्टीच्या मागे. अंगणात पोचल्याबरोबर मी हात पुढे केला.

"द्या किल्ली. तुम्ही दोनदा चालवलीत. मला नाही म्हणायचं असेल तर एकदा चालवून मग म्हणते."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान मागितलं. मला गाडी चालवता येते हे ह्यांना ठाऊक होतं, पण आपल्या बायकोला पोहता येतं हे जसं ठाऊक असतं तसं. माझे वडील खडीचा ट्रक चालवायचे. सत्तरच्या दशकात इकडे नव्या शहराचे रस्ते आधी झाले आणि माणसं नंतर आली. रुंद डांबरी रस्ते, दिव्यांचे खांब, आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत. रविवारी वडील मला त्या रस्त्यांवर रिकाम्या ट्रकच्या स्टेअरिंगवर बसवायचे. त्यांनी मला लायसनही काढून दिलं. लग्न झालं आणि ते लायसन पेटीत गेलं, जन्माच्या दाखल्यांखाली. दर काही वर्षांनी मी ते रिन्यू मात्र करून घ्यायचे. का, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

क्लच जड होता. पहिल्यांदा जीपने असा झटका दिला की ह्यांचं डोकं कापडी टपाला लागलं. मग जमलं. चढणीवर गिअर बदलला, पाय दाबला आणि शिट्टी सुरू झाली. पाठीमागून कुणी तरी तळहाताने ढकलावं तशी जीप वर निघाली. मला हसू आलं. मी मोठ्याने हसले, शाळेत कधी हसत नाही तसं. हे शेजारी दांडा घट्ट धरून बसले होते आणि, खरं सांगायचं तर, एकदाही "सावकाश" म्हणाले नाहीत.

अंगणात आले. हे खाली उतरले. मी उतरले नाही. इंजिन चालू होतं, स्टेअरिंग हातात थरथरत होतं आणि मला ते सोडवेना. उतरले की धुणं, पोरं, सोमवारच्या दोन बस. हे दोनदा "अगं, डिझेल जळतंय," म्हणाले. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. बऱ्याच वेळाने, नाइलाजाने किल्ली फिरवली.

ओट्यावरून मालक उठला. चाचपडत जीपपर्यंत आला आणि बॉनेटवर हात ठेवला.

"मास्तरीन बाय, तुला देतो गाडी."

हे तोंड उघडं टाकून उभे. मालक ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "रागावू नका दादा. यो टर्बो लालबुंद झालेला असतो. इंजिन बंद केला का त्याचा तेल थांबतो आनि त्यो आतल्या आत जळतो. दोन मिनटं रिकामा चालवायचा, मंग बंद. मना दिसत नाय, पन कानानी कळतं. तुमी दोन्ही टायमाला येता येता बंद केलात."

"मग सांगायचं की नाही हो?" हे चिडलेच.

"सांगितला तं चार दिस पाळाल, मंग इसराल. मंग तुमाला देवून काय नि भंगारवाल्याला देवून काय, गाडी मोडनारच."

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या माणसाशी खोटं बोलवेना. "काका, मला हे काही ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "मला उतरावंसंच वाटत नव्हतं."

तो हसला. "मंग तं बरा हाय. तू इसरनार नाय."

सगळे ओट्यावर बसलो. ह्यांनी पिशवीतून हस्तांतराचा फॉर्म काढला, तो पहिल्या रविवारपासून पिशवीतच होता. पेनचं टोपण उघडलं, नव्या मालकाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसेच थांबले. आमचं घर ह्यांच्या नावावर, स्कूटर ह्यांच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख हेच. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"तूच लिही. कान पकडून सांगतो, माझ्यापेक्षा बरी चालवतेस."

होकार मागायचं दोघेही विसरलो. मी लिहू लागले. अक्षर काही मास्तरणीला शोभेल असं आलं नाही.

"काय लिवलंस त्ये वाच," मालक म्हणाला. "मना दिसत नाय ना."

मी माझं नाव वाचलं. माझं, मग ह्यांचं, मग आडनाव. लग्नात पाहुण्यांनी हट्ट करून माझ्याकडून उखाण्यात ह्यांचं नाव घेववलं होतं. स्वतःचं नाव चार माणसांत मोठ्याने घ्यायची वेळ मात्र कधी आलीच नव्हती. माझे डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत.

म्हातारा कान पुढे करून ऐकत होता.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं.