हर्नियाचा पट्टा

"लाजतोस काय? पुरुषासारखा पुरुष तू!" असं म्हणून पेंडसेकाकांनी पिशवीतून पट्टा काढला आणि भर बैठकीत, चहाच्या कपांवर, दोन्ही हातांनी ताणून धरला.

कमरेला बांधायचा पट्टा. मळकट, कातडीच्या रंगाचा. पुढच्या बाजूला गादी शिवलेली, कडेला घामाचे पिवळे डाग. त्यांचा स्वतःचा. त्यांच्या हर्नियाच्या वेळचा. समोर काकू बसल्या होत्या, आई होती, बाबा होते, माझी धाकटी बहीण नीता हातात बिस्किटांची बशी घेऊन उभी होती. काकांनी मला तो कुठे, कसा आणि कशाच्या खालून बांधायचा ते स्वतःच्या विजारीवरून हात फिरवून दाखवलं. सगळ्यांनी पाहिलं. कुणीही मान खाली घातली नाही. ह्या लोकांना लाज कुठे वाटते आणि कुठे वाटत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

"पुढच्या रविवारी येईन तेव्हा बांधलेला दिसला पाहिजे," काका म्हणाले.

बाबा म्हणाले, "थँक यू म्हण काकांना."

मी थँक यू म्हटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच शूर दिसणार आहे.

मला हर्निया झालेला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी दिल्लीतल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये मी माझं शरीर नीट करून घेतलं होतं. जन्मल्यापासून सगळे मला मुलगा म्हणत आले, आणि ते मला कधीच पटलेलं नव्हतं. दोन वर्षं गोळ्या घेतल्या, बँकेतल्या नोकरीचे पैसे साठवले, आणि एकोणतिसाव्या वर्षी जाऊन ऑपरेशन करून आले. ते घरात सगळ्यांना माहीत होतं. हर्निया हा बाबांचा शोध. बाबा रेल्वेत इंजिनियर. रूळ कुठे खचलाय ते नुसत्या नजरेनं सांगायचे म्हणे. घरातलं मात्र त्यांना एकोणतीस वर्षांत दिसलं नाही.

"नीताचं लग्न ठरेपर्यंत," ते म्हणाले होते. "तोपर्यंत हर्निया. नंतर तुला काय करायचं ते कर."

मी मान डोलावली होती. अंगात ताप होता, लघवीची नळी नुकतीच काढलेली होती, आणि मला फक्त आडवं व्हायचं होतं.

दिल्लीहून लखनौला, चारबाग स्टेशनात गाडी आली तेव्हा बाबा फलाटावर आले होते, पण डब्यापासून चांगले दहा हात लांब उभे. कुलीनं आत डोकावून विचारलं, "इन्हीं बहनजी को उतारना है?" बाबा लांबूनच ओरडले, "बहनजी नहीं, लड़का है।" कुलीनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, म्हणाला, "जी साहब." आणि मग मला म्हणाला, "बहनजी, पाँव पहले इधर रखिए." त्याला काही माझा कळवळा आला नव्हता. त्याच्या डोळ्यांना जे दिसलं ते तो म्हणाला, इतकंच. आमच्या घरात एवढे शिकलेले लोक होते, पण एवढं साधं काम एकालाही जमत नव्हतं.

घरी मला बैठकीतल्या दिवाणावर टाकलं. आतल्या खोलीत ठेवलं तर लोकांना संशय येईल, असं बाबांचं म्हणणं. आजारी माणूस चारचौघांत पडलेला असला म्हणजे आजार खरा वाटतो. आईनं तिचा गाऊन मला घातला, वरून शाल. "सैल बरं असतं म्हणून माझाच दिलाय," ती आल्यागेल्याला सांगायची. केस खांद्यापर्यंत आले होते, तर "न्हाव्याकडे जाताच आलं नाही हो." आईकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं. आयुष्यभर ती एवढ्या तत्परतेनं माझ्या बाजूनं कधी बोलली नव्हती.

मग लखनौतली मराठी मंडळी रीघ लावून आली. बँकेतले, रेल्वेतले, मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे उभे राहणारे. बाहेर जानेवारीचं धुकं आणि आत हर्नियाचे तज्ज्ञ. वजन उचलू नकोस. जिना चढू नकोस. खोकू नकोस. शौचाला जोर करू नकोस. हा शेवटचा सल्ला तेवढा माझ्या कामाचा होता, तो मी पाळला. मी मधे भोक असलेल्या हवेच्या गोल उशीवर बसायचे, तसंच बसता यायचं. एका साहेबांनी विचारलं, "ही उशी तर मूळव्याधीची. तीही आहे का?"

"हो, तीही आहे," बाबा म्हणाले.

चार दिवसांत मला दोन आजार झाले. मुलगी असणं सोडून काहीही चाललं असतं.

आता खरं दुखणं सांगते. असं ऑपरेशन झालं की शरीर त्या नव्या जागेला जखम समजतं आणि ती बुजवायला लागतं. म्हणून दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, आडवं पडून, गुळगुळीत प्लास्टिकची एक कांडी आत धरून ठेवावी लागते. डायलेटर म्हणतात त्याला. दुखतं. डोळ्यांतून पाणी येतं. आधी कोमट पाण्याच्या टबात बसायचं, मग हे, मग पुन्हा साफसफाई. टाळलं तर जागा आकसते, आणि एकदा पुरती बंद झाली की सगळं गेलं. साठवलेलं, सोसलेलं, सगळं. त्यासाठी मला काय हवं होतं? आतली खोली. आतून लावलेली कडी. अर्धा तास.

पहिल्यांदा आतल्या खोलीत हातआरसा धरून पाहिलं तेव्हा सगळं सुजलेलं, काळंनिळं, टाके दिसत होते. दिसायला भयंकरच. तरी मी बराच वेळ पाहत राहिले आणि मला हसू आलं. मग काही दिवस दुपारी उगाच रडू यायचं. उन्हात बसले की रडू, आईनं वरण वाढलं की रडू. नीता म्हणाली, "पछता रही हो क्या?" पश्चात्तापाचं नाव नव्हतं. अंगातून इतकं काही गेलं होतं, आणि ज्या घरात ते भरून यायचं तिथे दिवसभर मी कुणी दुसराच असल्यासारखं पडून राहायचं होतं. त्याचं रडू होतं.

पाहुणे आले की दोन दोन तास हलत नसत. मी उठायला लागले की आई डोळे वटारायची. एकदा कानाशी येऊन म्हणाली, "आज राहू दे ना ते. लोक काय म्हणतील, आजारी माणूस आत जाऊन कडी लावतो?" राहू दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा राहू दिलं. पेंडसेकाका पट्टा घेऊन आले त्या रविवारी तर दोन वेळा राहू दिलं. सोमवारी सकाळी कांडी पूर्वीइतकी आत जाईना. जोर केला तर रक्त आलं.

फोनला बाबांनी कुलूप लावलेलं होतं. आई भाजीला गेल्यावर मी शाल पांघरून, भिंत धरत धरत, कोपऱ्यावरच्या पीसीओत गेले आणि दिल्लीला नर्सिंग होममध्ये फोन लावला. सिस्टर फोनवर आली.

"छोड़ दिया था?" तिनं विचारलं.

"घर पे लोग आते हैं, सिस्टर."

"तो?"

"बैठे रहते हैं."

"तो बैठने दो. उनका घाव है कि तुम्हारा? बंद हो गया तो डॉक्टर साहब भी कुछ नहीं कर पाएँगे. छोटे वाले से फिर शुरू करो. और दरवाज़ा बंद किया करो."

फोन ठेवला. पीसीओच्या स्टुलावर मला बसता येईना, म्हणून उभीच राहिले. आणि मला स्वतःची अशी काही शिसारी आली की विचारू नका. टेबलावर सुरीखाली झोपायला मी घाबरले नव्हते, आणि बिस्किटं खात बसलेल्या चार माणसांसमोर उठून आत जायला घाबरत होते. पेंडसेकाकांच्या चहासाठी मी माझं शरीर बंद होऊ देत होते.

आठवडाभर बारीक कांडीपासून पुन्हा सुरुवात केली. आई बडबडली, मी आत जातच राहिले. पण त्या दिवसांत पाहुणे कमी होते, त्यामुळे त्यात मर्दुमकी काही नव्हती. खरी परीक्षा रविवारी होती. रविवारी पेंडसेकाका त्यांच्या साडूंना घेऊन येणार होते. साडूंचा मुलगा नागपूरला सरकारी नोकरीत, आणि नीतासाठी ते स्थळ काकांनीच सुचवलेलं. बाबांनी सकाळी मला बजावलं, "आज काही नाटकं नकोत."

नीता आरशासमोर उभी राहून म्हणाली, "यार, प्लीज़. मेरी शादी तो हो जाने दो."

ते आले. पोहे झाले, नीताची नोकरी झाली, स्वयंपाक येतो का झालं. भिंतीवरचं घड्याळ पाचावर गेलं. माझी दुपारची वेळ टळत चालली होती. तेवढ्यात काका माझ्याकडे वळले.

"काय रे, पट्टा बांधलास का? दाखव बघू."

"नाही बांधला," मी म्हटलं.

"अरे, असा कसा हट्टी मुलगा!" असं म्हणून ते हसत हसत उठले, दिवाणापाशी आले आणि त्यांनी माझ्या अंगावरची शाल ओढून काढली.

आईचा गाऊन पातळ होता. दोन वर्षांच्या गोळ्यांनी माझ्या छातीवर जे आलं होतं ते त्यातून सरळ दिसत होतं. आंधळ्याला दिसावं असं. काका हातात शाल घेऊन उभे राहिले. साडूंच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता तरी कुणीतरी काहीतरी बोलेल.

काकांनी घसा खाकरला. म्हणाले, "पडून पडून अंगावर आलंय जरा."

"हो ना," आई लगेच म्हणाली, "तूप देतेय ना रोज."

साडूंनीही मान हलवली. तूप. समोर एक बाई बसलेली होती आणि पाच सुशिक्षित माणसं तुपावर एकमत करून मोकळी झाली. त्या क्षणी त्यांच्याबद्दलची माझी भीती गेली. इतक्या खोटारड्या माणसांना भ्यायचं तरी कशाला? मी काकांच्या हातातून शाल घेतली, घडी घालून दिवाणावर ठेवली आणि उभी राहिले.

"काका," मी म्हटलं, "मला हर्निया झालेला नाही. मूळव्याधही नाही. मी बाई आहे. दिल्लीला तेवढं एकच काम करून आले, बाकी सगळं आधीपासून होतंच. आता माझी औषधाची वेळ झालीय. मला अर्धा तास लागेल. तुम्ही चहा घ्या."

"गप्प बस!" बाबा ओरडले.

मी आत गेले. दार लावलं. कडी घातली. घड्याळ उशाशी ठेवलं आणि पूर्ण अर्धा तास घेतला. बाहेर आधी कुजबुज, मग चपलांचे आवाज, मग बाबांनी दारावर मारलेले दोन हात. दुखत होतं. मी मोजून तीस मिनिटं केली. एकतिसाव्या मिनिटाला उठले.

बाहेर आले तेव्हा मंडळी गेलेली होती. पट्टा दिवाणाखाली पडला होता. बाबा म्हणाले, "नीताचं वाटोळं केलंस." नीता आजही माझ्याशी फारसं बोलत नाही. ते स्थळ मोडलं हे खरं आहे. त्याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या अंगाला भोक पडलंय की नाही यावर ज्याचं लग्न टिकतं, असला नवरा तिला मिळाला नाही, याचं वाईट वाटत नाही.

बुधवारी मी पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळला, हवेची उशी घेतली, रिक्षात तिच्यावर बसले आणि निशातगंजला पेंडसेकाकांच्या घरी गेले. प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता. काकूंनी दार निम्मं उघडलं. मला पाहून निम्मंच ठेवलं.

आतून काकांनी विचारलं, "कोण आहे गं?"

काकू माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "कुणी नाही."

"मी आहे, काका," मी जिन्यातल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तुमचा पट्टा परत द्यायला आले. मला लागला नाही. तुम्हाला लागेल."

पट्टा उंबऱ्यावर ठेवला आणि आले.

महिन्याभरात मी घर सोडलं. शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या बाजूला एक खोली मिळाली, मागे शेतं. बँकेला लांब पडते, पडू दे. खोली घेतल्यावर गॅस, पलंग काही आणायच्या आधी सुताराला बोलावलं आणि दाराला आतून जाड लोखंडी कडी बसवून घेतली. सुतारानं विचारलं, "इतनी मोटी क्यों, दीदी? यहाँ चोरी-वोरी नहीं होती." मी म्हटलं, चोरांसाठी नाही.

आता रोज तीन वेळा ती कडी लागते. कुणी आलं असेल तर बसतं, नाहीतर जातं. माझे आईवडील आले तरी बाहेर थांबतील. तो अर्धा तास मी यापुढे कुणालाही देणार नाही.