नर्सबाईंचे यजमान

“आमच्या साहेब ड्युटीवर गेल्या जी. बसा, चहा ठेवतो.”

कोपरानं दार ढकलत ते हे सांगायचे. कोपरानं, कारण हात बहुतेक वेळा पिठाचे नाही तर मातीचे असत. साहेब म्हणजे त्यांची बायको, आरोग्य उपकेंद्राची नर्स. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. तुम्हीही हसला असता. ते मात्र हसले नाहीत. शांतपणे चुलीपाशी जाऊन बसले.

ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी मलेरिया खात्यात होतो. बालाघाट जिल्ह्यातल्या बिरशाहून सायकलनं गावोगाव फिरायचं, ताप आलेल्यांच्या बोटातून रक्त घ्यायचं, काचपट्ट्या जमा करायच्या. हे गाव जंगलाच्या अगदी आत होतं. विजेचे खांब तिथवर आले नव्हते. उपकेंद्रामागच्या कौलारू क्वार्टरमध्ये नर्सबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुली राहत. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाचांची. विहिरीचं पाणी, कंदिलाचा उजेड, आणि मागच्या परसात यजमानांची बाग. वाटाणा, कोबी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वाफ्यात कांद्याचं रोप. तपासणीला आलेली गरोदर बाई तिथून पालेभाजीची जुडी घेतल्याशिवाय परत जात नसे.

लग्नाआधीपासून ते बालाघाटला एका राइस मिलमध्ये मुनीम होते. बायकोची नेमणूक इकडे झाली, त्यानंतर काही महिन्यांनी नोकरी सोडून मागोमाग आले. गावात त्यावरून चेष्टा चाले. “पानी भरता है, रोटी बनाता है,” असं लोक म्हणत. मी तोंडावर बोललो नाही, पण मनातून मलाही तसंच वाटे. चांगला शिकलेला माणूस, इथं चुलीपुढं काय बसलाय?

म्हणूनच बालाघाटला त्यांचे मोठे भाऊ भेटले तेव्हा मी त्यांची चिठ्ठी आनंदानं घेतली. जुन्याच मिलमध्ये जागा रिकामी झाली होती. “मुलींले घेऊन ये म्हणा. शाळा तरी धड होईन त्यांची. तुमीच समजावून सांगा त्याले,” भाऊ म्हणाले. मी हो म्हटलं.

चिठ्ठी घेऊन पोचलो तो पुसाचा, म्हणजे पौषातला दिवस होता आणि दोन दिवसांपासून मावठा लागला होता. पावसाळ्यातला पाऊस बरा, तो कोसळतो आणि थांबतो. हा थंडीतला पाऊस नुसता झिरपत राहतो. शेवटचा कोसभर, वाटेतल्या नाल्यातूनसुद्धा, मी सायकल ढकलतच आणली.

यजमान परसात उघड्या डोक्यानं भिजत होते. डोक्यावरची बांबूची खुमरी त्यांनी काढून कांद्याच्या रोपावर पालथी ठेवली होती. थोरली खुरप्यानं चर खणत होती. धाकटी दारात उभी राहून पाणी कुठं तुंबलं ते ओरडून सांगत होती. नर्सबाई पहाटेच नाल्यापलीकडच्या टोल्यावर, तिथल्या छोट्या वस्तीवर, बाळंतपणाला गेल्या होत्या.

मी चिठ्ठी दिली. त्यांनी हात धोतराला पुसले, वळचणीखाली उभं राहून ती दोनदा वाचली आणि कोनाड्यात ठेवली.

“मंग बोलू जी. आधी पाणी काढू.”

मग मीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावडं घेतलं. उपकेंद्राच्या चढावरचं सगळं पाणी परसात उतरत होतं. दुपारपर्यंत आम्ही ते कुंपणाबाहेर काढलं. वाटाणा वाचला, कोबी बराचसा वाचला. मेथीचा वाफा मात्र वाहून गेला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो तिनं पेरला होता.

“रडतं काहून? मेथीले काय, उद्या परत टाकू. आठ दिसांत डोकं वर काढते ते,” असं म्हणून त्यांनी तिचे चिखलाचे हात आपल्या हातात घेऊन धुतले.

चार वाजले तरी बाई आल्या नव्हत्या. यजमानांनी खाटेखाली जपून ठेवलेली कोरडी लाकडं काढली आणि पाण्यानं भरलेला मोठा गंज चुलीवर चढवला. पाणी तापलं की लाकूड मागं ओढायचे, निवू लागलं की पुढं सारायचे. मधूनच रस्त्यापर्यंत जाऊन यायचे.

“नाल्याले पाणी किती होतं जी?”

“गुडघाभर.”

थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी न राहवून मी चिठ्ठीचा विषय काढला. त्यांनी मागं ओढलेलं लाकूड पुढं सारलं.

“पैले तर ती एकटीच आलती इथं, पोरी व्हायच्या आधी. तीन महिन्यांनं मी पाहाले आलो. असाच पाऊस होता. दार उघडं, चूल थंडी, अन् ही ओल्या लुगड्यानिशी खाटेवर पडलेली. अंग तापानं फणफणत होतं. साऱ्या गावाले गोळ्या वाटणारी बाई, पण हिले पाणी द्यायले कोणी नोयतं. त्या दिवशी मी चूल पेटवली जी. मंग सोडून जाणं जमलंच नाही.”

मी समजावून सांगायला आलो होतो. खाटेखालची आणखी दोन लाकडं मी चुलीपाशी आणून ठेवली.

दिवे लावायच्या वेळेला बाहेर चिखलात पावलं वाजली. बाई आल्या. छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या, लुगडं कमरेपर्यंत चिखलानं भरलेलं, औषधांची पेटी मात्र डोक्यावर कोरडी.

“पोरगी झाली. दोघीबी बऱ्या आहेत,” त्या दारातूनच म्हणाल्या.

“साहेब, पाणी तापलं आहे. आधी आंघोळ,” यजमान म्हणाले.

जेवताना बाईंनी कंदिलाशी धरून चिठ्ठी वाचली. घडी घालून म्हणाल्या, “जा ना तुम्ही. पोरी शिकतीन. माझं काय, मी राहीन इथं.”

“मी तिथं तांदळाची पोती मोजू, अन् तू इथं भिजून थंड्या घरात येशीन? नाही जमत ते.”

त्यांनी बायकोला ‘तू’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी तोंड चुलीकडं फिरवलं.

“धूर लई करते आज ही चूल,” त्या म्हणाल्या. चुलीत निखारे होते, धूर मुळीच नव्हता.

सकाळी आभाळ उघडलं. मी सायकल काढली तेव्हा ते फाटकापर्यंत आले. “भाऊले सांगजा, तो नोकरीवर आहे म्हणा. सुट्टी नाही भेटत.”

मी तसंच सांगितलं. भाऊ आधी चिडले. मग म्हणाले, “वाटाणा कसा आला यंदा?”

मुलींच्या शाळेचं मात्र बाईंनी मनावर घेतलं. अर्जामागून अर्ज केले आणि पुढच्या वर्षी मिडल स्कूल असलेल्या गावी बदली मिळवली. सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी तिथंच होतो. बाई धाकटीला घेऊन पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. यजमान मागं, खाटा आणि भांड्यांच्या मध्ये, रोपं लावलेले डालड्याचे डबे दोन्ही पायांत घट्ट धरून. शेजारी थोरली मोठ्यानं पाढे म्हणत होती, आणि ती कुठं चुकली की ते तिला थांबवून पुन्हा म्हणायला लावत होते. ट्रक सागाच्या झाडांआड गेला तरी बराच वेळ तो पाढा ऐकू येत राहिला.