धुराचं सेटिंग

जुन्या गाड्यांची हौस असलेल्या माणसांबद्दल मला पूर्वी काहीच मत नव्हतं. आता आहे, आणि ते चांगलं नाही.

ओसाकात एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले, आमच्या मराठी मंडळातले एक साहेब होते. त्यांनी दोन माणसांची, बिनछपराची एक गाडी घेतली होती. सुटे भाग मागवून कुणा हौशी जपान्याने ती घरच्या घरी जोडली होती. इंजिन मात्र कुठल्याशा म्हाताऱ्या गाडीतून काढलेलं. साहेब तिला क्लासिक म्हणायचे. ती सुरू झाली की मागे उभा असलेला माणूस खोकायचा आणि साहेब डोळे मिटून म्हणायचे, "आवाज ऐक, आवाज." २०११च्या मोठ्या भूकंपानंतरचे दिवस होते ते. वीज वाचवायची म्हणून आमच्या प्रयोगशाळेत भर उन्हाळ्यात एसी नावापुरता चालायचा, आणि हे गृहस्थ तिकडे आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी नुसतीच घुरघुरत ठेवायचे, कारण तिला गरम व्हायला वेळ लागतो.

जपानमध्ये ठरावीक वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते, तिला शाकेन म्हणतात. सायलेन्सरमध्ये नळी घालून धुरातले विषारी वायू मोजतात. जुन्या गाड्यांना त्यात थोडी सवलत आहे, नव्यांना नाही. मग अशा जोडगाडीचं वय कोणतं धरायचं? हिच्या कागदांवर नोंदणीचं वर्ष होतं, म्हणजे ती नवी. साहेबांचं म्हणणं, इंजिनाचा जन्म धरा. "माणसाचं वय हृदयावरून धरतात की कपड्यांवरून?" असं ते प्रत्येक जेवणावळीत विचारायचे. वय दोन्हींवरून धरत नाहीत हे त्यांना कुणी सांगत नसे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी क्योतोत हवेतल्या कणांवर पोस्टडॉक करत होते, म्हणून गाडी पास करून घ्यायला साहेब माझ्याच मागे लागले: "धूर हा तर तुझाच विषय." शिवाय मी एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायचे, म्हणून "गॅरेजवाला तुझ्या ओळखीतला."

गॅरेजवाले माझे घरमालक होते, सत्तरी ओलांडलेले. परदेशी माणसाला खोली देताना इथे हमीदार मागतात, त्यांनी मागितला नव्हता. पण सुरुवातीला ते माझ्याशी लांबलचक आदरार्थी जपानीत बोलायचे. क्योतोची माणसं ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं असतं त्याच्याशी असंच गोड बोलतात. मग भूकंप झाला. क्योतोला धक्काही नीट जाणवला नाही, तरी फुटलेल्या अणुभट्टीच्या धास्तीने माझ्या ओळखीतले कितीतरी परदेशी मिळेल त्या विमानाने निघून गेले. साहेब तर सहकुटुंब पुण्याला पोचले, आणि सगळं निवल्यावर परत येऊन जपानी माणसाच्या धीरावर मंडळात भाषण देते झाले. मी गेले नाही. त्यात शौर्य काही नव्हतं, प्रयोग अर्धवट राहिला होता. एका सकाळी मी कचऱ्याच्या पिशव्या लावत असताना घरमालक शेजारी येऊन म्हणाले, "तू राहिलीस होय?"

तू. त्या दिवसापासून ते मला एकेरीत बोलू लागले. "सायकलची हवा बघ," "जेवलीस का," "एवढ्या उशिरापर्यंत काय करतेस त्या कॉलेजात?" साहेबही मला एकेरीतच बोलायचे, पण ते हॉटेलातल्या वाढप्यालाही तसंच बोलायचे. त्या देशात मला आपलं मानून तू म्हणणारं हे एकच माणूस होतं. मला ते गमवायचं नव्हतं. तरीही मंडळातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, या आपल्या खास मराठी भिडेपोटी थंडी सुरू होता होता मी साहेबांना घेऊन खाली गॅरेजात उतरले.

घरमालकांनी नळी घातली, आकडा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. मग बॉनेट उघडून थोडा वेळ वाकून बघितलं आणि जपानीत म्हणाले, "सेत्तिंगु केलं तर होईल."

जपानी गाडीवाले कार्ब्युरेटर जुळवण्याला इंग्रजीच शब्द वापरतात. दुर्दैवाने तो शब्द पुण्यातही वापरतात. इतकी वर्षं राहून साहेबांना कळलेला तो बहुधा पहिला जपानी शब्द.

त्यांचा चेहरा उजळला. "बघ, मी काय म्हणत होतो? माणूस इथून तिथून सारखाच. किती म्हणतोय ते विचार."

"सर, कार्ब्युरेटरचं सेटिंग. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण. स्क्रू फिरवून करतात."

"अगं, तू फार पुस्तकी आहेस. असं कुणी तोंडाने बोलतं का? स्क्रू म्हणजे काय ते मला कळतं. मी तीस माणसं सांभाळतो."

"सर, प्लीज. इथे असं नसतं."

"तुम्ही पीएचडीवाले ना, प्रॅक्टिकल नॉलेज झीरो."

मी त्यांचा हात धरायला हवा होता, पण वडीलधाऱ्या पुरुषाचा हात कसा धरणार? त्यांनी खिशातून नोटांचं बंद पाकीट काढलं, घरमालकांच्या डांगरीच्या खिशात सारलं, वरून थोपटलं आणि डोळा मारला. "योरोशिकु," म्हणाले, म्हणजे तेवढं आमचं बघा.

घरमालकांनी पाकीट काढून उघडून पाहिलं. मग त्यांनी साहेबांकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं इतका वेळ त्यांच्यासमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलत होतो, आणि बोलणं संपल्यावर पाकीट निघालं होतं. त्याचा अर्थ कुणीही तोच लावला असता. मी "तसं नाहीये" म्हटलं. साहेबांच्या चुकीचं मराठी मूळ जपानीत समजावू लागले. बोलत गेले तसं ते आणखीच ठरवून केल्यासारखं वाटू लागलं.

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी परत दिलं, वाकून नमस्कार केला आणि बॉनेट बंद केलं.

रस्त्यावर आल्यावर साहेब म्हणाले, "कमी पडलं वाटतं." या माणसाला शिवी देणंसुद्धा त्याचा मान राखण्यासारखं झालं असतं. पुढे मंडळात त्यांनी सांगितलं की जपानी लोक फार दांभिक असतात. माना डोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर खाली गेले. घरमालक शटर वर करत होते. मला पाहून ते थांबले, हात पुसले आणि कमरेत वाकले, पहिल्या वर्षी वाकायचे त्याहून खोल.

"आज गारठा आहे," ते म्हणाले. "आपण कृपया सांभाळून जावं."