कै. एक जिज्ञासू

आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, हे सांगितलेलं नाही : आमचे खापरपणजोबा झाशीच्या किल्ल्यावर तोफ चालवत नव्हते. ते मुदपाकखान्यात लोणची घालत. तोफ त्यांना मी दिली!

निमित्त माझी मुलगी, मृण्मयी. आठ वर्षांची असताना शाळेतून रडत आली. "पापा, सब पूछते हैं, हम मराठी लोग यहाँ क्यों हैं?" लोणच्यासाठी आलो, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "तोफेसाठी." पोरगी त्या दिवसापासून घरात मराठी बोलायला लागली! मग मला चेवच आला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तोफेवर चार पानांचा लेख ठोकला. खाली नाव : 'एक जिज्ञासू'.

ती तोफ जी सुटली! स्मरणिकेतून एका वेबसाइटवर, तिथून एका हिंदी पेपरात. आणि मृण्मयी पुण्याला एम.ए.ला गेली. विषय : झाशीतली मराठी घराणी!

एके रविवारी तिचा फोन.

"बाबा, मॅडम म्हणतात, एकाच साधनावर विश्वास ठेवायचा नाही. पण माझ्याकडे तीन आहेत आणि तिन्ही जुळतात!"

"जुळणारच," मी म्हणालो.

"शिवाय आत्याची मुलाखत. ती म्हणाली, हमारे यहाँ तो बच्चा-बच्चा जानता है!"

मी ताईला गाठलं. "तुला कुणी सांगितलं गं तोफेचं?"

"अरे बाळ्या, छापून आलंय ना! स्मरणिका सँभालके ठेवलीय मी."

म्हणजे साक्षीदार चार, आणि चारही मीच!

मॅडमना मात्र शंका आलीच. लेखात एकही संदर्भ नाही. आधी हा जिज्ञासू शोध, नाहीतर प्रबंध परत. मृण्मयीने मलाच विचारलं, "बाबा, तुम्ही ओळखता त्यांना?"

खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. पण दर दिवाळीत ती येते ती त्या तोफेपायी. खंडेराव गेटपासून किल्ल्यापर्यंत माझ्या शेजारून चालते, वही उघडून मला प्रश्न विचारते. त्या तासाभरावर माझं वर्ष निघतं. लोणच्यासाठी कोण येणार?

"ते वारले, बेटा."

"अरेरे! कधी?"

"आत्ताच."

काल तिने प्रबंध वाचायला पाठवला. सोमवारी द्यायचाय. पहिल्याच पानावर : 'कै. एक जिज्ञासू यांच्या स्मृतीस. त्यांना भेटायचं राहून गेलं.' स्वतःची श्रद्धांजली वाचून डोळे पुसणारा झाशीतला मी पहिलाच असेन!

दिवंगताने फोन कसा करायचा, तेवढं कळत नाहीये. पण सोमवारच्या आत मृण्मयीला मी सत्य देणं लागतो. आणि खापरपणजोबांना त्यांची बरणी.