शेवट सांगत नाय

"शेवट सांगत नाय, पण..." असं म्हणत काका कॅसेट पुढे करायचे आणि स्वतःकडचं टोक सोडायचेच नाहीत. गिऱ्हाईक ओढतंय, काका धरून बसलेत. रोह्याच्या पुलाजवळ माझं शिवणाचं दुकान आणि त्याला लागून त्यांची व्हिडिओ लायब्ररी. त्यामुळे नव्वदच्या दशकात ही ओढाताण मी रोज फुकटात पाहिली.

सिनेमाची मजा घालवणं त्यांना पाप वाटायचं. पण कुणाच्या घरी काय बोचेल, याचीही तेवढीच काळजी. दोन्ही कसं जमणार, तुम्हीच सांगा!

एकदा त्यांनी कंपनीत कामाला असलेल्या एका गिऱ्हाइकाला बजावलं, "आजोबांना बसवू नका हां." दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. "काका, पाट्या पडायच्या आधीच कळलं ना, म्हातारा जाणार ते!"

मग काकांनी सगळ्यांनाच सरसकट "जरा जपून" म्हणायला सुरुवात केली. विनोदी सिनेमालासुद्धा! आमच्या घरी कोणी हसेचना. आता कोण मरतंय, याची वाट बघत सगळे बसलेले.

पुलापलीकडे अष्टमी गावात राहणाऱ्या एक बाई होत्या. वर्षापूर्वी त्यांचा मुलगा नदीत बुडाला होता. धाकट्या मुलीने हट्ट धरला म्हणून त्यांनी एक कॅसेट मागितली. काका म्हणाले, "ती खराब झालीय." सकाळीच ती परत आलेली मी पाहिली होती, चांगली धडधाकट.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, पोरगं बुडतं काय त्यात? सांगा ना. माझ्यासमोर सगळेच गप होतात."

काकांनी माझ्याकडून स्टूल मागून घेतलं, बाईंना बसवलं आणि पहिल्यापासून अख्खी गोष्ट सांगितली. शेवटासकट. "पुरात वाहून जातं. मधे बराच वेळ नुसतं पाणीच हाय. पण सापडतं, ताई. जिवंत सापडतं."

"सापडतं ना? मग द्या."

दुसऱ्या दिवशी त्या कॅसेट घेऊन आल्या. "पाणी आलं तेव्हा उठून पडवीत गेले," म्हणाल्या. "पण परत पोरीजवळ येऊन बसले. पुढचं माहीत होतं म्हणून बसता आलं."

काका कॅसेट फडक्याने पुसत राहिले.

पुढे घरोघरी केबल आली. काका दुकान आवरून पेणला, रामवाडीत लेकीकडे गेले. तिथेच ते वारल्याचं नंतर कळलं. रोहा सोडताना आपलं रॅक मला देऊन गेले होते. त्याचे खण कॅसेटच्या मापाचे, त्यात ब्लाऊजची घडी बसत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, "ताई, नवं रॅक घ्या की." मी हो म्हणते, आणि ब्लाऊज कोंबते.