करवंदांचा रस मी उकळला नाही

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी मुळशीत ग्रामसेविका होते. वय तेवीस, पायात रबरी चपला आणि खांद्याला खात्याची पिशवी. पिशवीत फळं टिकवण्याची एक पुस्तिका होती. रस कुठलाही असो, तो आधी उकळायचा, असं तिच्यात पानोपानी लिहिलेलं होतं. प्रशिक्षणात मी ते घोकून आले होते आणि वाडीवाडीवर तसंच शिकवत होते.

मे महिन्यात धरणाच्या काठावरच्या एका वाडीत गेले. बायकांनी पिकलेल्या करवंदांच्या पाट्या आणून ठेवल्या होत्या. मी तीन दगडांवर पातेलं चढवलं, रस काढला, साखर घातली, मोठ्या ऐटीत उकळवला. चीक पातेल्याच्या कडेला चिकटला. जांभळा रस बघता बघता तपकिरी झाला. गार झाल्यावर मी सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा घातला.

पन्नाशीच्या एका मावशींनी तो चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो काय रस हाय का? काढा हाय ह्यो, बाई."

त्या ताम्हिणी घाटाच्या खालून लग्न होऊन वर आल्या होत्या. त्यांच्या माहेरी रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं सरबत व्हायचं. "आमच्याकडं कुनी शिजवत न्हाई," त्या म्हणाल्या. "साखर घालायची नि उनात ठिवायचं."

"उकळल्यानं जंतू मरतात, मावशी."

"मरत असतील. पर चव बी मरती न्हवं?"

बायका हसल्या. मला राग आला. पण मुक्कामाच्या खोलीवर येऊन मी तो रस पुन्हा चाखला आणि राग स्वतःवरच उलटला. करवंद म्हणून ओळखू येईल असं त्यात काहीच उरलं नव्हतं.

पुस्तिकेच्या शेवटी लिंबाच्या रसासाठी एक पांढरी पूड सांगितली होती. ती घातली की न उकळताही रस टिकतो. मी ती चिमूटभर कच्च्या करवंदाच्या रसात घालून पाहिली. सकाळी बाटलीतला रंग उडून फिक्कट गुलाबी पाणी झालं होतं. तेव्हा मी तशीच उठले आणि मावशींच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "दाखवा कसं करता ते."

त्यांनी करवंदं धुतली, धोतराच्या फडक्यावर पसरून पार कोरडी केली, एकेक चिरलं. उकळलं ते फक्त पाणी, तेही बरणी धुवायला. मग ती बरणी उन्हात खडखडीत वाळवली. एक थर करवंदांचा, एक थर साखरेचा. साखर फळांच्या दुप्पट. मी म्हटलं, एवढी?

"हात आखडलास तर आंबतंय," त्या म्हणाल्या.

तोंडाला फडकं बांधून बरणी दिवसभर उन्हात, संध्याकाळी घरात. पाचव्या-सहाव्या दिवशी साखरेनं सगळा रस ओढून बाहेर काढला होता. घट्ट, काळपट जांभळा. फडकं सोडताच जाळीतून नुकतं तोडल्यासारखा वास. एवढ्या साखरेत आणि त्या मूळच्या आंबटपणात जंतूंना जगायला जागाच राहत नाही, हे मला तिथं ओट्यावर बसून कळलं. आम्ही तो गाळून तीन बाटल्यांत भरला.

त्याच आठवड्यात आमचे साहेब तपासणीला आले.

"बाई, हा उकळलाय ना?"

"नाही साहेब."

"मग ओतून द्या."

"मी पिऊन दाखवते."

"तुम्ही एकट्यानं पिऊन काय सिद्ध होणार? उद्या गावात कुणाला उलट्या झाल्या तर मी काय उत्तर देऊ?"

त्यांचं ते बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "मग पावसाळा जाऊ दे. तीन बाटल्या पुस्तिकेप्रमाणे उकळलेल्या, तीन ह्या. दसऱ्यानंतर उघडू."

"मग ओतून टाकण्याचा मला लेखी आदेश द्यावा लागेल."

"द्या साहेब."

त्यांनी खरंच लिहून दिला. मी त्याची घडी घालून पिशवीत ठेवली, पुस्तिकेप्रमाणे उकळून आणखी तीन बाटल्या भरल्या आणि सहाही ठेवल्या मावशींच्या माळ्यावर. मावशींनी सुचवलं, "वतून दिला म्हनून सांग की. कोन बघाया येतंय?"

"खोटं नाही सांगणार. ओतला नाही, असंच सांगणार."

आणि तसंच कळवलं.

मुळशीचा पाऊस कशालाच सोडत नाही. त्या चार महिन्यांत माझ्या चपलांना, घोंगडीला, पुस्तिकेच्या पुठ्ठ्यालाही बुरशी आली. माळ्यावरच्या बाटल्यांच्या काळजीनं मी दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून वाडीवर जात होते.

दसरा झाल्यावर बायका जमल्या. साहेबांना निरोप धाडला होता, ते आले नाहीत. उकळलेल्या तिन्ही बाटल्या चांगल्या निघाल्या. तपकिरी, पण चांगल्या. आमची पहिली उघडली तर फेस येऊन वर आला. आंबली होती. माझं तोंड उतरलं. मावशींनी बाटली फिरवून पाहिली.

"ही तूच भरलीस. वली व्हती आतनं."

खरं होतं. मी घाई केली होती. उरलेल्या दोन मात्र मेमध्ये भरल्या तशाच. पाणी, मीठ आणि जिरं घालून सगळ्यांनी पेलाभर रस प्यायला. मीही दोन पेले प्याले, आणि ज्यांना उलट्या व्हायच्या होत्या त्यांची वाट पाहत आम्ही संध्याकाळपर्यंत गप्पा मारत बसलो. कुणाला काही झालं नाही.

अहवालात मी सगळं लिहिलं. उकळलेल्या तीन टिकल्या, न उकळलेल्या दोन टिकल्या, एक माझ्या चुकीनं आंबली. रंग आणि चव कुठली बरी तेही. साहेबांनी बोलावून घेतलं. "आंबलेली बाटली राहू द्या," ते म्हणाले, "बाकीच्या दोन खोडा."

"खोडायचं तर तुम्ही खोडा साहेब. खाली सही माझी आहे."

त्यांनी खोडलं नाही. मला मेमो मिळाला, वरिष्ठांचा आदेश न पाळल्याबद्दल. खुलासा मागितला होता. मी एका ओळीत दिला: आदेश मिळाला होता, वाचला होता, पाळला नाही. फेब्रुवारीत माझी बदली झाली आणि त्या मेमोपायी बढती पुढची काही वर्षं अडकली. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तो खुलासा आज लिहायचा असता तरी दुसरं काही लिहिलं नसतं.

नव्या तालुक्यात जून उजाडता उजाडता एसटीच्या कंडक्टरनं माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेली एक बाटली आणून ठेवली. सोबत चिठ्ठी नव्हती, मावशींना लिहिता येत नव्हतं. निरोप त्यानं तोंडी सांगितला, त्यांच्याच शब्दांत:

"बाईला म्हनावं, औंदा वाडीतल्या समद्या बायांनी घातलाय. इचारलं कुनालाच न्हाई."

मी कचेरीतल्या सगळ्यांसाठी पाणी मागवलं आणि बाटलीचं बूच काढलं.